जीन थेरपीच्या लॅबमध्ये शिरायचं कसं? मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

"जीन थेरपीत (बिघडलेल्या जनुकावर जनुकानंच उपचार करण्याच्या क्षेत्रात) जायचंय, कोणता कोर्स करू?" बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलंमुली हे हमखास विचारतात. माझं उत्तर थोडं हिरमोड करणारं असतं: त्या नावाचा कोर्स शोधू नका. 'जीनोम एडिटिंग' असं ठळक छापलेले महागडे सर्टिफिकेट कोर्स जाहिरातींत भरपूर दिसतात. ज्या लॅबमध्ये तुम्हाला शिरायचंय, तिथला शास्त्रज्ञ ते सर्टिफिकेट उलगडूनही बघत नाही. तो विचारतो, पेशी वाढवल्यास का? प्लाझ्मिड (बॅक्टेरियातला डीएनएचा छोटा गोल तुकडा) स्वतःच्या हातानं काढलंस का? जेल (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायची थर) फसलं तेव्हा काय केलंस?

जीन थेरपी म्हणजे चार-पाच हातकसबांची साखळी आहे. त्यातली निम्मी नांदेड, लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या साध्या कॉलेजात राहून शिकता येतात. उरलेल्यांसाठी घर सोडावं लागतं. ते कधी, कुठे आणि कशाच्या जोरावर सोडायचं, यासाठी हा लेख.

क्षेत्र आज कुठे आहे

१९९० साली अमेरिकेत अशांती डिसिल्व्हा या चार वर्षांच्या मुलीला एडीए एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेसाठी जनुक दिलं गेलं आणि मान्यताप्राप्त चाचण्यांची सुरुवात झाली. १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अशाच एका चाचणीत दगावला. त्याला दिलेल्या अॅडिनोव्हायरसविरुद्ध शरीरानं तीव्र प्रतिक्रिया दिली होती. त्यानंतर काही वर्षं सगळं क्षेत्र थबकलं. या दोन घटना मुलाखतीत विचारल्या जातात, म्हणून नाही, तर आजचे सुरक्षिततेचे निम्मे नियम कुठून आले हे त्यातून कळतं, म्हणून वाचा.

पुढे डोळ्याच्या आनुवंशिक आजारासाठी लक्स्टर्ना २०१७ मध्ये, स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीसाठी झोल्जेन्स्मा २०१९ मध्ये आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी क्रिस्परवर (डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्रावर) आधारलेलं कॅसजेव्ही २०२३ च्या अखेरीस मंजूर झालं. झोल्जेन्स्माची किंमत बाजारात आली तेव्हा २१ लाख डॉलर होती. म्हणून भारतातल्या कामाला वेगळं महत्त्व आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या इम्युनोअॅक्ट कंपनीच्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवण्याच्या पद्धतीला) ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या ५ रुग्णांना लेंटिव्हायरस या विषाणूच्या मदतीनं जनुक दिल्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं सिकलसेलसाठी 'बिरसा १०१' ही क्रिस्पर उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली.

सिकलसेल म्हटलं की आपण विदर्भाकडे बोट दाखवतो. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यातही हे रुग्ण आहेत. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यानं पहिला अभ्यास-आजार म्हणून सिकलसेल घ्यावा असं मला वाटतं, ते केवळ जवळचा म्हणून नाही. या आजारावर उपचाराच्या जवळपास सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या गेल्या आहेत, त्यामुळे एकाच आजारातून सगळं क्षेत्र समजतं.

लॅबमध्ये दिवसभर चालतं काय

बिघडलेलं जनुक ओळखायचं. त्याची चांगली प्रत किंवा ते दुरुस्त करणारं साहित्य प्लाझ्मिडमध्ये बसवायचं. ते पेशीपर्यंत नेणारं वाहन, म्हणजे वेक्टर, तयार करायचं. पेशीत घालायचं. आणि खरंच काम झालं का, नको तिथे तर काही झालं नाही ना, हे मोजायचं. पहिलं काम बरंचसं कॉम्प्युटरवर होतं. दुसरं बॅक्टेरियात, तिसरं आणि चौथं माणसाच्या पेशींत. पाचव्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नवख्यांना तेच सगळ्यात कंटाळवाणं वाटतं.

वाहनाला सामान किती पेलतं, यावरच अर्धे निर्णय ठरतात. एएव्ही हा विषाणूपासून बनवलेला लाडका वेक्टर सुमारे ४.७ किलोबेस (म्हणजे ४,७०० अक्षरं) एवढाच डीएनए नेतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीतलं एसएमएन-१ जनुक सांकेतिक रूपात (फक्त प्रथिनाचा संकेत असलेला भाग धरून) एक किलोबेसच्याही आत आहे, त्यामुळे ते आरामात बसतं. हिमोफिलिया ए मधलं फॅक्टर-८ सुमारे ७ किलोबेसचं. त्यातला बी-डोमेन हा भाग कापून ते ४.४ वर आणावं लागतं, तेव्हा कुठे कसंबसं मावतं. डुशेन स्नायुक्षयातल्या डिस्ट्रॉफिनचं सांकेतिक रूप ११ किलोबेसचं, म्हणून त्याची 'मायक्रो' आवृत्ती बनवावी लागली. लेंटिव्हायरस ८ किलोबेसपर्यंत नेतो, पण तो पेशीच्या जीनोममध्ये जाऊन बसतो, आणि कुठे बसेल यावर आपला पूर्ण ताबा नसतो. एखाद्या आजाराचं नाव ऐकलं की "जनुक किती मोठं? कोणत्या अवयवात पोचवायचं?" हे दोन प्रश्न आपोआप डोक्यात यायला लागले, की समजा तुम्ही या क्षेत्राची भाषा शिकताय.

पहिली पायरी: बारावी आणि पदवी

बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, बी.फार्म यातलं काहीही चालतं. बारावीला गणित सोडू नका एवढंच सांगेन. सोडलं असेल तर सांख्यिकी स्वतः शिका. लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयातल्या मुलांना वाटतं की आपण 'शेतीवाले', आपला इथे संबंध नाही. उलट ऊतिसंवर्धनात लॅमिनार फ्लोखाली तासन्तास बसलेला हात पुढे माणसाच्या पेशी सांभाळायला इतरांपेक्षा लवकर सरावतो.

लातूर, नांदेड, संभाजीनगरात नीटची तयारी करून, एमबीबीएस न मिळाल्यामुळे बीएस्सीला आलेली पुष्कळ मुलं असतात. त्यातल्या अनेकांच्या मनात पहिलं वर्षभर पराभवाची भावना असते. खरं तर त्यांच्याकडे जीवशास्त्राचं भरभक्कम वाचन असतं. त्यांना मोडावी लागते ती फक्त पर्याय ओळखून उत्तर देण्याची सवय. संशोधनात चार पर्याय कुणी देत नाही.

आता कॉलेजातल्या साधनांचं. बहुतेक कॉलेजांत सेल कल्चरची सोय नसते, पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवणारं) असलं तर कपाटात असतं. तरीही तीन गोष्टी पक्क्या करता येतात.

पहिली, पिपेट. १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर चार दशांशांच्या बॅलन्सवर वजन करा. ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. असं दहा वेळा करा, सरासरी आणि फरक वहीत लिहा. मग २० आणि १० मायक्रोलिटरवर या. आकडे विखुरलेले असतील तर आधी आपला अंगठा तपासा, पिपेटला दोष नंतर द्या. टोक पाण्यात किती बुडवलं, बटण किती सावकाश सोडलं, टोकाला बाहेरून थेंब राहिला का, यातच सगळं असतं. वर्गातली मुलं हसतील, हसू द्या. पुढे पीसीआर यंत्रावर तीन सारख्या नमुन्यांचे आकडे एकमेकांना चिकटून येतात की नाहीत, ते या सरावावर ठरतं.

दुसरी, प्लाझ्मिड. पीयूसी-१९ हे २,६८६ बेसपेअरचं जुनं, स्वस्त प्लाझ्मिड ई. कोलाय बॅक्टेरियात घाला. कॅल्शियम क्लोराइडनं पेशी तयार करायच्या, बर्फात ठेवायच्या, ४२ अंशांवर पाऊण मिनिट गरम करून पुन्हा बर्फात. अॅम्पिसिलिनच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी वसाहती दिसतात. मग तेच प्लाझ्मिड परत काढा. किट नाही म्हणून अडू नका. १९७९ पासूनची अल्कलाइन लायसिस पद्धत सोडियम हायड्रॉक्साइड, एसडीएस आणि पोटॅशियम अॅसिटेटवर चालते, आणि ही रसायनं कोणत्याही कॉलेजात मिळतात. जेलवर पट्टा दिसला की ते प्लाझ्मिड रिस्ट्रिक्शन एन्झाइमनं (डीएनए ठरावीक क्रमावर कापणाऱ्या एन्झाइमनं) कापून बघा. उरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाका, आणि हे सगळं शिक्षकांना आणि कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीला कळवूनच करा. किटवर शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक बाटलीत काय आहे ते माहीत नसतं. तुम्हाला ते माहीत असेल, आणि मुलाखतीत हा फरक लगेच दिसतो.

तिसरी, वही. तारीख, लॉट नंबर, कुठल्या बाटलीतून किती घेतलं, लाइट कधी गेली, सगळं. सबमिशनसाठी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं प्रॅक्टिकल जर्नल आणि लॅब नोटबुक या दोन वेगळ्या गोष्टी. नोटबुकमध्ये फसलेला प्रयोगही त्याच दिवशी लिहितात आणि पान फाडत नाहीत.

कॉम्प्युटरवरचा एक पूर्ण अभ्यास

याला मोबाइलचा डेटा पुरतो आणि सगळं फुकट आहे. एनसीबीआय या अमेरिकी जनुक-माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर मानवी एचबीबी (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं) जनुक काढा. ते ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या एमआरएनएचा क्रम घ्या, एटीजी या सुरुवातीच्या कोडॉनपासून अमिनो आम्लं मोजत जा. सुरुवातीचं मेथिओनीन न धरता सहाव्या जागी जीएजी सापडेल, म्हणजे ग्लुटॅमिक आम्ल. सिकलसेलमध्ये तिथे जीटीजी होतं, म्हणजे व्हॅलीन. एका अक्षराचा हा बदल स्वतः शोधून बघा.

मग डीडीई-वन हे रिस्ट्रिक्शन एन्झाइम कुठे कापतं ते शोधा. निरोगी क्रमात नेमकी याच ठिकाणी त्याची जागा आहे आणि सिकल बदलामुळे ती नाहीशी होते. म्हणजे पीसीआर करून, त्या एन्झाइमनं कापून, साध्या जेलवर निदान करता येईल. कापल्यावर निरोगी, वाहक आणि रुग्ण यांचे पट्टे जेलवर कसे दिसतील, ते कागदावर काढा. हे एवढं जमलं की एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतले निम्मे आण्विक जीवशास्त्राचे प्रश्न सोपे होतात.

त्यानंतर क्रिसपॉर किंवा चॉपचॉप या मोफत साधनांत तो भाग टाका. २० अक्षरांचे गाइड आरएनए (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारे) आणि त्यापुढची, कापण्यासाठी लागणारी एनजीजी ही पॅमची खूण समोर येईल. आता स्वतःला एक अवघड प्रश्न विचारा: कॅसजेव्ही हा बदल दुरुस्त का करत नाही? ते २ ऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल-११ए जनुकाचा एक नियामक तुकडा तोडतं, त्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. चुकलेलं अक्षर जागच्या जागी राहतं आणि रुग्णाचा त्रास कमी होतो. कापणं सोपं आणि नेमकं बदलणं अवघड, हे या क्षेत्रातलं सत्य इथे कळतं. पुढे बेस एडिटिंग (डीएनए न तोडता एक अक्षर बदलायची पद्धत) वाचाल तर आणखी गंमत. अॅडेनिन बेस एडिटर जीटीजीचं परत जीएजी करू शकत नाही, पण जीसीजी करू शकतो. त्यातून अॅलानीन येतं, आणि असं हिमोग्लोबिन 'मकासर' या नावानं निसर्गातही सापडतं. त्यापासून त्रास होत नाही.

या अभ्यासाची चार पानं लिहून ठेवा. लॅबला मेल करताना जोडायला यापेक्षा चांगलं काही नसतं.

इंग्रजीचं काय?

मराठी माध्यमातून आलेल्यांची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नका. पण शोधनिबंधांचं इंग्रजी वर्तमानपत्रापेक्षा सोपं असतं, कारण शब्द मोजके आणि वाक्यं ठरावीक. आठवड्याला एक निबंध घ्या. आधी आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर वाचा, मग पद्धतींचा भाग, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. प्रत्येक आकृतीखाली मराठीत दोन ओळी लिहा: प्रश्न काय होता, उत्तर काय आलं. पबमेड सेंट्रल आणि बायोआर्काइव्हवर निबंध मोफत मिळतात. बोलण्यासाठी मात्र मित्र लागतो. दोघांनी आठवड्यातून एकदा फळ्यासमोर उभं राहून एक आकृती इंग्रजीत समजावून सांगायची, बस्स.

एमएस्सी: नावाला भुलू नका

डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) मदतीनं चालणाऱ्या एमएस्सी-एमटेक अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी, आयआयटी व इतर काही संस्थांसाठी जॅम, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, या तीन परीक्षा बघा. गॅट-बीतून प्रवेश मिळाला की दरमहा विद्यावेतनही मिळतं, हे अनेक घरांना माहीतच नसतं. कुठेच जमलं नाही तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं जीवशास्त्र संकुल किंवा संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहेच. तिथून पुढे गेलेले लोक आहेत आणि जातीलही. फक्त एक अट: शेवटच्या सहामाहीचं डिझर्टेशन बाहेर करायचं. एमएस्सीच्या गुणपत्रिकेपेक्षा ते सहा महिने पुढे जास्त कामाला येतात.

त्याच्या आधी एक उन्हाळाही मिळवता येतो. भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादम्यांसोबत उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या लॅबमध्ये काम करता येतं. शिक्षकांनाही अर्ज करता येतो. तुमच्या मॅडमना हे सांगा. त्या शिकून आल्या तर तुमच्या मागच्या तुकड्यांचं भलं होईल.

लॅबला मेल कसा लिहायचा

पन्नास शास्त्रज्ञांना एकाच वेळी सीसी करून पाठवलेला 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' मेल थेट कचऱ्यात जातो. एकेकाला लिहा, दहा ओळींत. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठल्या कॉलेजात, कधीपासून कधीपर्यंत मोकळे. पुढच्या तीन-चार ओळींत त्यांच्याच एका निबंधाबद्दल नेमकं काहीतरी: अमुक आकृतीत तुम्ही अमुक कंट्रोल का वापरला हे मला असं समजलं, बरोबर आहे का? मग हाताला काय काय येतं ते खरं-खरं. येत नसलेलं लिहू नका. पहिल्याच दिवशी उघडं पडतं. सोबत एक पानाचा बायोडेटा आणि वर सांगितलेली चार पानं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्र आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. नुकतीच स्वतःची लॅब सुरू केलेले तरुण शास्त्रज्ञ उत्तर देण्याची शक्यता जास्त. त्यांना हात हवे असतात आणि ते स्वतः शेजारी बसून शिकवतात.

कुठे जायचं: पुण्याकडे की हैदराबादकडे?

आपल्याकडे बाहेर शिकायला जाणं म्हणजे पुणे, असं ठरूनच गेलंय. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आहे, जिथल्या राष्ट्रीय पेशी भांडारातून देशभरातल्या लॅबना पेशी पुरवल्या जातात. आयसर आहे. मुंबईत केईएमच्या आवारातली एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, पवईला आयआयटी.

पण नांदेड, देगलूर, उदगीर किंवा लातूरच्या माणसाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. १९४८ आधी आपली उच्च शिक्षणाची वाट तिकडेच जायची, नंतर ती सवय मोडली. तिथे सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राचं केंद्र) आहे, सीडीएफडी (डीएनए निदानाचं केंद्र) आहे, हैदराबाद विद्यापीठ आहे, डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करणारं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान आहे. डिझर्टेशनसाठी या बाजूचा विचार न करणं म्हणजे दाराशी असलेली विहीर सोडून लांब पाण्याला जाणं. दूर जायची तयारी असेल तर बंगळुरूची इनस्टेम ही मूळपेशी संशोधन संस्था, तिचाच भाग असलेलं वेल्लोरचं सीएससीआर आणि दिल्लीचं आयजीआयबी ही नावं यादीत वर ठेवा.

संस्था मोठी की छोटी, याच्या आधी लॅबबद्दल दोन गोष्टी विचारा. तिथे पेशी रोज वाढवल्या जातात का? आणि गेल्या काही वर्षांत तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? दुसरा प्रश्न गाईडला नको, तिथल्या सीनियर विद्यार्थ्याला चहाच्या टपरीवर विचारा.

नेट-जेआरएफ

पीएचडीचं दार बहुतेक ठिकाणी जेआरएफनं (ज्युनियर रिसर्च फेलोशिपनं) उघडतं. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. जीवशास्त्राच्या पेपरमध्ये २०० गुण, तीन तास. भाग 'ए' मध्ये २० पैकी १५ प्रश्न, भाग 'बी' मध्ये ५० पैकी ३५, दोन्हींत प्रत्येकी २ गुण. भाग 'सी' मध्ये ७५ पैकी २५, प्रत्येकी ४ गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. सगळा खेळ 'सी' मध्ये आहे: तिथे प्रयोग देऊन निष्कर्ष विचारतात. आठवड्याला एक निबंध वाचणाऱ्याला तो भाग वेगळा अभ्यासावा लागत नाही, आणि नुसत्या क्लासच्या नोट्स वाचणाऱ्याला तो अवघड जातो. डीबीटीची बीईटी, आयसीएमआरची जेआरएफ आणि टीआयएफआरची जेजीईईबीआयएलएस यांचेही अर्ज भरा. अभ्यास जवळजवळ तोच आहे.

जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. जेआरएफ नाही मिळाली आणि पीएचडीला प्रवेश मिळाला, तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप प्रवर्गानुसार आहेत. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा, कारण मुदत कमी असते आणि जातवैधता, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रं तहसीलमधून ऐन वेळी निघत नाहीत. ती आत्ताच काढून ठेवा. हैदराबादला किंवा दिल्लीला गेल्यावर एका दाखल्यासाठी परत येण्यात आठवडा जातो.

पहिले सहा महिने पेशींबरोबर

सगळ्यांची सुरुवात बहुधा एचईके-२९३ पेशींनी होते. लाइडनमध्ये १९७३ साली तयार झालेला हा पेशीवंश. त्यातला २९३ हा आकडा म्हणजे तो बनवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा क्रमांक. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, डीएमईएम माध्यमात १० टक्के सीरम. दर दोन-तीन दिवसांनी त्या ट्रिप्सिननं सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पातळ करून टाकाव्या लागतात. पेशींना पोळा, दिवाळी, घरचं लग्न काही कळत नाही. सुट्टीला जाताना कोण बघणार ते आधी ठरवा, नाहीतर काही नळ्या गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा.

जंतू शिरले की माध्यम गढूळ होतं, ते डोळ्यांना दिसतं. मायकोप्लाझ्मा हे अतिसूक्ष्म जंतू मात्र दिसत नाहीत. पेशी जगतात, वाढतात आणि आकडे मात्र महिनोन्महिने खोटे येतात. महिन्यातून एकदा त्याची पीसीआर चाचणी करण्याचा नियम लॅबमध्ये नसेल, तर तो तुम्ही सुरू करा.

मग व्हायरस. एएव्हीसाठी तीन प्लाझ्मिड एकत्र पेशीत घालतात: तुमचं जनुक असलेलं, रेप-कॅप (विषाणूची प्रत आणि कवच बनवणारी जनुकं) असलेलं आणि हेल्पर. जनुकाच्या दोन टोकांना आयटीआर नावाचे क्रम असतात, ते बॅक्टेरियात वाढवताना तुटून जातात. म्हणून एसटीबीएल-३ सारखे स्थिर स्ट्रेन वापरायचे आणि दर वेळी एसएमए-वन एन्झाइमनं कापून आयटीआर शाबूत आहेत का ते तपासायचं. ही तपासणी टाळली की दोन महिन्यांनी व्हायरस कमी का निघाला याचं उत्तर सापडत नाही.

गणित रोज लागतं. उदाहरणार्थ, २ लाख पेशी आहेत, दर पेशीला ५ कण द्यायचेत, आणि तुमच्या लेंटिव्हायरसचं टायटर (कणांची संख्या) मिलिलिटरला १० कोटी आहे. हवेत १० लाख कण, म्हणजे ०.०१ मिलिलिटर, म्हणजे १० मायक्रोलिटर. हे कागदाशिवाय जमायला हवं, कारण कॅबिनेटमध्ये हात घातल्यावर कॅल्क्युलेटर हाती लागत नाही. आणि पिपेटचा सराव का सांगितला तेही इथे कळेल: १० मायक्रोलिटरमध्ये १ कमी-जास्त म्हणजे दहा टक्के चूक.

प्रत्येक प्रयोगात व्हायरस न दिलेल्या पेशी आणि रिकामा वेक्टर दिलेल्या पेशी, हे दोन कंट्रोल हवेतच. गाईड परिणाम बघण्याआधी ते बघतो.

सुरक्षिततेत सवलत नसते. लेंटिव्हायरसचं काम बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी दोन) कॅबिनेटमध्येच, सुया टाळून, टाकाऊ माध्यमात ब्लीच घालून. माणसाच्या रक्तावर काम करायचं असेल तर हेपटायटिस-बीची लस आधी घ्या. लॅबनं सांगायची वाट बघू नका.

घरच्यांशी बोलताना

पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. "अजून किती शिकायचं?" हा प्रश्न मुलांना येतो आणि मुलींना लग्नासकट येतो. घरच्यांना सांगताना महिन्याचा आकडा सांगा. फेलोशिप म्हणजे मिळकत आहे आणि बँकेत येते, हे कळलं की बोलणं बरंच सोपं होतं. जेआरएफसाठी नेट वयाच्या तिशीपर्यंत देता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सूट आहे, ओबीसींनाही वयात सवलत असते. एखादं वर्ष घरच्या अडचणीत गेलं म्हणून दार बंद होत नाही.

पीएचडी नको असेल तर

एमएस्सीनंतर दोन वाटा आहेत. एक, संस्थांमधल्या प्रोजेक्ट असोसिएटच्या जागा. त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर निघतात, मुलाखतीवर भरतात आणि पीएचडी करायची का हे ठरवायला वर्षभराचा अवधी देतात. दोन, कंपन्या. मुंबईची इम्युनोअॅक्ट आणि बंगळुरूची इम्युनील यांच्यासारख्या ठिकाणी रुग्णाच्या पेशींवर क्लीनरूममध्ये काम चालतं. तिथे नव्या कल्पनेपेक्षा प्रत्येक पायरी लिहिल्याप्रमाणे करणारा आणि लगेच सही करून नोंदवणारा माणूस लागतो. एका रुग्णाची एक पिशवी; ती वाया गेली तर त्याच्या पेशी पुन्हा काढायला तो रुग्ण तेवढा धडधाकट असेलच असं नाही. उत्पादनापेक्षा गुणवत्ता तपासणीत नवख्यांना लवकर जागा मिळते: टायटर, निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष), फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक मोजणं). मुलाखतीला जाताना कॉलेजातली मूळ नोटबुक सोबत न्या, टाइप केलेली प्रत नको. फसलेल्या प्रयोगाचं पान समोर उघडून विचारलं, की त्या दिवशी पुढे काय केलं, तर तारखेसकट सांगता आलं पाहिजे.